विमानाला ग्रीस लावणं म्हणजे निम्म्याहून जास्त पुसणंच

आमच्या पारोळ्याकडे कुणाला सांगितलं की मी विमानाच्या हँगरमधे काम करते तर पहिला प्रश्न ठरलेला, "मंग तू उडावस का विमान?" आणि नाही म्हटलं की लगेच दुसरा, "मंग करस काय तठे?" ह्याचं उत्तर दारात उभं राहून देता येत नाही, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू. मी विमान उडवत नाही, मी त्याला ग्रीस लावते. म्हणजे बाकी पण बरंच करते, टायर बदलते, प्लग साफ करते, कागदं भरते, पण आज फक्त तेल-ग्रीसचंच सांगणार आहे. विमान शंभर तास उडलं की जे इन्स्पेक्शन होतं त्यात हे सगळ्यात हलकं काम समजतात, नवीन ट्रेनीच्या हातात पहिल्यांदा तेच देतात, आणि मला विचाराल तर डोकं सगळ्यात जास्त त्यातच लागतं.

जागा म्हणजे धुळ्याजवळचं गोंदूर. पत्र्याचं हँगर, समोर धावपट्टी, आजूबाजूला शेतं. विमान सेसना १७२, चार सीटचं, एक इंजिन, पंख डोक्यावर. हे मॉडेल १९५६ पासून बनतंय, १९८६ ते १९९६ मधे बंद होतं तेवढं सोडलं तर, आणि ४४ हजारांच्या वर बनलेत, एवढं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही. शिकवणीचं विमान असल्यामुळे ते दिवसभर उठतं-बसतं, उठतं-बसतं, आणि शिकाऊ पोरं योक (म्हणजे पायलटच्या हातातलं स्टिअरिंग) जरा जास्तच हलवतात, त्यामुळे शंभर तासात कंट्रोल्सची जेवढी हालचाल होते तेवढी कुणा हौशी मालकाच्या विमानात कितीतरी वर्षांत होत नसेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्या विमानात कंट्रोल्सना हायड्रॉलिक वगैरे काही नाही. पायलट योक फिरवतो, त्याला स्टीलची केबल जोडलेली असते, ती पुलींवरून वळत वळत छतातून पंखात जाते, तिथं बेलक्रँक असतो, म्हणजे ओढ दुसऱ्या दिशेला वळवणारा तुकडा, बेलक्रँकला रॉड, रॉडला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी. मागच्या एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) आणि रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) केबली कॉकपिटच्या जमिनीखालून शेपटीपर्यंत जातात. म्हणजे सगळी ताकद माणसाच्या हाताची आणि पायाची. मधे कुठं एक बिजागरी जरी जड झाली तर ती थेट पायलटच्या हाताला लागते, आणि लँडिंगच्या वेळी जेव्हा बोटभर हालचाल करायची असते तेव्हा हात आधी अडतो आणि मग एकदम झटका देऊन सुटतो. इन्स्ट्रक्टर लोकांना हे बरोबर कळतं, ते येऊन फक्त एवढंच म्हणतात की "जरा चिकट लागतंय", आणि मग आमचं शोधकाम सुरू.

आता खान्देशातली धूळ. एप्रिल-मे मधे दुपारी वावटळ उठली की धावपट्टीच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, तापमान चव्वेचाळीस-पंचेचाळीस, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानातली माती पिठासारखी बारीक होऊन उडते आणि पंखाच्या आत, शेपटीच्या आत, जिथं बोट जात नाही तिथंसुद्धा जाऊन बसते. ओल्या ग्रीसवर ही माती बसली की मग ते ग्रीस राहत नाही, दोन धातूंच्या मधे बसून उलट घासायला लागतं. म्हणून सेसनाच्या मेंटेनन्सच्या पुस्तकातच ठिकठिकाणी लिहिलेलं आहे की धुळीच्या भागात असाल तर हे जास्त वेळा करा, ते जास्त वेळा करा. चाकाचे बेअरिंग एरवी पाचशे तासांनी, पण धुळीत असाल तर शंभरला. पुढच्या चाकाची टॉर्क लिंक (चाक सरळ धरून ठेवणारा कात्रीसारखा सांधा) पन्नास तासांनी, धुळीत असाल तर त्याच्याही आधी. पियानो बिजागरीला धुळीत ग्रॅफाइटची पावडर, तेल नाही. पुस्तक अमेरिकेत लिहिलंय पण वाचताना वाटतं गोंदूरलाच बसून लिहिलंय.

माझ्या आजोबांची बैलगाडी होती, तिच्या आकाला वंगण घालायचं म्हणजे बचकभर, बाहेर ओघळलं तरी चालायचं, जेवढं जास्त तेवढं चांगलं. माझे वडील अजून तसंच समजतात आणि फोनवर विचारतात की एवढ्याशा डबीत कसं भागतं तुमचं. इथं सगळं उलटं आहे. पुस्तकातल्या तक्त्यात अर्ध्याहून जास्त ठिकाणी एकच सूचना, थोडंसं लावा आणि जास्तीचं पुसून काढा. आमच्या हँगरमधे एक जुने टेक्निशियन आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात, ते दोंडाईच्याकडचे, कायम अहिराणीतच बोलतात, अगदी इंजिनियर साहेबांशी पण. त्यांचं माझ्यामागं पहिल्या दिवसापासून एकच चालू, "जास्ती नको लावू माय, पुशी टाक. जे दिसस ते कामनं नही, जे मझार शे ते कामनं." म्हणजे जे आत आहे तेच कामाचं.

तर काम सुरू होतं सकाळी सहाला, कारण दहानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. आणि नुसतं आपल्या सोयीसाठी नाही, केबलचं टेन्शन मोजायचं असतं. विमानाची बॉडी अॅल्युमिनियमची आणि केबल स्टीलची, उन्हात अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे दुपारी केबल ताणलेली दिसते आणि पहाटे सैल. म्हणून पुस्तकात तापमानाप्रमाणे आकडा बघायचा तक्ता असतो. विमान रात्रभर हँगरमधे उभं ठेवायचं, सगळं एका तापमानाला आलं की मग टेन्शन मीटर लावायचा. उन्हातून आत्ताच आणलेल्या विमानाला मीटर लावून टर्नबकल (केबल ताणायचा स्क्रू) फिरवत बसायचं नाही.

आधी मास्टर स्विच बंद, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे) बंद, किल्ली काढून बोर्डाला लावायची, योकला पाटी अडकवायची की काम चालू आहे, हलवू नका. ही पाटी फार महत्त्वाची. माझा हात बेलक्रँकपाशी असताना कुणी कॉकपिटमधे बसून सहज योक फिरवला तर बोटं जातील. शिकाऊ पायलटना कॉकपिट दिसलं की बसायची फार हौस असते.

मग पॅनल उघडायचे. पंखाखाली गोल गोल झाकणं, शेपटीच्या बाजूला झाकणं, पुढच्या सीटा काढायच्या, कार्पेट काढायचं, जमिनीचे पॅनल काढायचे. प्रत्येक पॅनलचे स्क्रू वेगळ्या डबीत आणि डबीवर नाव, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आत कशाला तरी टेकू शकतो. झाकण काढल्याबरोबर हात घालायचा नाही. आधी टॉर्च. आमच्याकडे कुंभारीण माशी पंखात मातीचं घर करते, एकदम टणक, आणि कधीकधी ती बरोबर पुलीच्या कडेला केलेली असते. एका पंखात तर बेलक्रँकच्या अगदी लगत मातीच्या नळ्या एकाला एक चिकटून ओळीने निघाल्या, आतमधे कोळी भरून ठेवलेले. ते प्लॅस्टिकच्या खुरपणीने हळू काढायचं, तुकडे व्हॅक्यूमने ओढायचे. कंप्रेसरची हवा मारायची नाही. हवा मारली की बाहेरून छान साफ दिसतं पण ती सगळी माती बेअरिंगच्या आत ढकलली जाते.

साफ करायला कोरडा ब्रश, मग कोरडं कापड, मग गरज असेल तिथं मिनरल स्पिरिटमधे भिजवून पिळलेलं कापड. कॉटन वेस्ट अजिबात नाही. आपण कापसाच्या मुलखातले लोक, पण कंट्रोल्सच्या आसपास कापसाचे धागे चालत नाहीत, ते स्प्लिट पिनच्या (नट सुटू नये म्हणून टोकं वाकवून लावतात ती पिन) टोकाला अडकतात, बेअरिंगमधे गुंडाळतात. धागा न सुटणारं कापड मोजून घ्यायचं आणि मोजून परत करायचं. हत्यारं जशी बोर्डावर मोजतात तशीच चिंध्या पण. एक चिंधी कमी भरली तरी पॅनल बंद होत नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल. शेपटीत राहिलेली चिंधी केबलबरोबर पुलीत ओढली गेली तर वर काय होईल ते सांगायला नको.

केबल तपासायची पद्धत एकदम साधी. कापड हातात धरून केबलवरून सरकवत न्यायचं, आणि तार तुटलेली असेल तर तिचं टोक कापडाला अडकतं. उघड्या बोटांनी करायचं नाही, ते टोक सुईसारखं घुसतं. जास्त लक्ष पुलीच्या आणि फेअरलीडच्या (केबल जिच्यातून ओवलेली असते ती गाइड) जागी द्यायचं कारण केबल तिथंच वळते नाहीतर घासते. त्यासाठी कुणीतरी योक पूर्ण एका बाजूला नेऊन धरायचा, म्हणजे जो भाग एरवी पुलीवर बसलेला असतो तो बाहेर येतो. पुली हाताने फिरवून बघायची. फिरत नसेल आणि केबल तिच्यावरून नुसतीच घसरत असेल तर पुलीच्या एका बाजूला सपाट खड्डा पडतो. अशी पुली बदलायची, तिला तेल पाजून चालू करायची नाही.

आणि केबल सॉल्व्हंटने धुवायची नाही. केबल बनवतानाच तिच्या पेडांमधे वंगण घातलेलं असतं, सॉल्व्हंटमधे भिजवली तर ते निघून जातं, बाहेरून चकचकीत आणि आतून गंजायला मोकळी. बाहेरचा मळ कापडाने पुसला की झालं.

आता खरा विषय, कुठं काय लावायचं. मला सगळ्यात आधी पाठ करायला लावलं ते "कुठं काहीच लावायचं नाही". सील्ड बेअरिंगला काही नाही, त्याचं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं, वरून तेल टाकलं तर आतलं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं आणि आठवड्याभरात बेअरिंग कोरडं. टेफलॉनचं अस्तर असलेल्या रॉड एंडला काही नाही. फ्लॅपच्या (लँडिंगला पंखाच्या मागून खाली करतात त्या फळ्या) ट्रॅकमधे ग्रीस भरायचं नाही, कोरडं पुसायचं आणि रोलर फिरतोय का बघायचं. सीटच्या रुळांना काही नाही, नुसतं साफ करायचं आणि पिन भोकात पूर्ण बसते का बघायचं. सेसनामधे टेकऑफच्या वेळी सीट मागं घसरायचा प्रकार जगभर झालेला आहे, पायलट पडू नये म्हणून योकलाच धरतो, योक मागं येतो आणि विमानाचं नाक वर जातं.

जिथं लावायचं तिथं पण प्रत्येक जागेचं वेगळं. उघड्या पुलींचे बेअरिंग, रडर पॅडलच्या दांड्यांचे टेकू, रॉडची साधी टोकं, ह्यांना साधं पातळ तेल, त्याचा मिलिटरी नंबर ७८७०. हे मी सिरिंजने लावते. एक थेंब टाकायचा, जोड पूर्ण वर, पूर्ण खाली असा हलवायचा, तेल आत ओढलं जाताना दिसतं, मग बाहेर जो काळा मळ येतो तो पुसायचा, परत एक थेंब, परत हलवायचं, आता जरा कमी काळं येतं. स्वच्छ तेल बाहेर यायला लागलं की थांबायचं आणि बाहेरचं सगळं पुसून कोरडं करायचं. एलिव्हेटरच्या बिजागऱ्यांना हे करताना मजा वाटते, कारण आधी एलिव्हेटर हाताने उचलला की बारीक किरकिर ऐकू येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या थेंबाला ती बंद पडते. पण आबा म्हणतात किरकिर बंद झाली म्हणून लगेच खूश होऊ नको, बोल्टाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघ. एलिव्हेटर धरून बाजूला, वर, खाली हलवून बघायचं. झिजलेला बुश तेलाने काही दिवस गप्प बसतो, भरून येत नाही.

एलेरॉनला पियानो बिजागरी असते, लांबच्या लांब, ट्रंकेच्या झाकणाला असते तशीच, मधून एक तार गेलेली. इथं ग्रॅफाइटची कोरडी पावडर. बारीक पिचकारीने फुंकायची, एलेरॉन वर-खाली करायचा, परत फुंकायची. हात काळेशार होतात आणि पांढऱ्या रंगावर बोटांचे ठसे उठतात, ते नंतर पुसत बसावं लागतं, आणि तोंडावर कपडा नसेल तर दिवसभर नाकातून काळं निघतं.

इथं एक तक्रार करून घेते. एकदा दुसरीकडून एक विमान आमच्याकडे कामाला आलं होतं, कुठून ते राहू द्या. त्याच्या सगळ्या बिजागऱ्यांवर कुणीतरी डब्ल्यूडी-४० मारलेलं होतं, लांबून एकदम चमकत होतं. ते वाईट आहे असं नाही, पण ते १९५३ साली मुळात पाणी हटवायला, गंज धरू नये म्हणून बनवलेलं, त्यातलं बरंचसं उडून जातं आणि जो पातळ चिकट थर मागं राहतो तो धूळ धरतो. बिजागरीच्या तारेभोवती तपकिरी लगदा झाला होता. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या चाकाच्या टॉर्क लिंकमधे दोन रंगाचं ग्रीस, अर्धं हिरवं अर्धं पिवळसर तपकिरी. ग्रीस म्हणजे काय तर तेल आणि ते धरून ठेवणारा दाट पदार्थ, तो कशात लिथियमचा साबण असतो तर कशात एक प्रकारची माती. एअरोशेल ३३ लिथियमचं आणि रंगाने हिरवं, एअरोशेल २२ मातीचं आणि पिवळसर. दोन्ही आपापल्या जागी एक नंबर, पण एकमेकांत मिसळली की दाटपणा सुटतो आणि पातळ होऊन गळून जातात. मग जॉइंट कोरडा, आणि कागदावर मात्र "ग्रीस केलं" असं लिहिलेलं. ते सगळं खोलून, धुवून, नव्याने भरावं लागलं, अख्खी दुपार गेली त्यात.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक ग्रीसची गन वेगळी, तिच्यावर रंगीत टेप आणि नाव. उन्हाळ्यात गन आडवी टाकून ठेवली तर ग्रीसमधलं तेल सुटून तोंडाशी येतं, त्यामुळे लावायच्या आधी थोडं चिंधीवर काढून टाकायचं. डब्यावरची बॅच आणि तारीख टास्क कार्डवर लिहायची. निपल (जिथं गन लावतात ते तोंड) आधी पुसायचा, हे तर कुठल्याही ट्रॅक्टरच्या गॅरेजमधला पोरगा पण सांगेल, नाहीतर निपलवर बसलेली माती गनच्या दाबाने सरळ आत जाते. टॉर्क लिंकला गन लावून हळूहळू पंप करायचं, आधी काळं ग्रीस येतं, मग मिसळलेलं, मग नवीन. नवीन दिसेपर्यंत थांबायचं नाही. आणि गन मारूनही बाहेर काहीच येत नसेल तर समजायचं की वाट बंद आहे, आणि तेव्हा काम वाढतं पण ते करावंच लागतं.

वाट बंद होण्यावरून ट्रिमची गोष्ट. एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. कॉकपिटमधलं चाक फिरवलं की केबल आणि चेनने शेपटीतला अॅक्च्युएटर फिरतो, त्याच्या आत स्क्रू असतो, तो पुढं-मागं सरकून टॅब वर-खाली करतो. हा अॅक्च्युएटर ठरलेल्या मुदतीनंतर बाहेर काढून, खोलून, धुवून नवीन ग्रीस भरायचा असतो आणि ह्या वेळी नेमकी त्याची पाळी होती. जागा एवढीशी, उजव्या बाजूच्या आडव्या शेपटीत, हात कोपरापर्यंत घालून नुसत्या बोटांच्या टोकांनी काम. माझा हात बारीक म्हणून हे काम माझ्याकडेच येतं, पोरांना हात घालताच येत नाही, घातला तर काढता येत नाही.

आमच्या सरांनी हे काम देताना एक अपघात सांगितला होता. ३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं फ्लाइट २६१, एमडी-८३ जातीचं मोठं जेट, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर समुद्रात पडलं, ८८ जणं होती, कुणीच वाचलं नाही. त्यात अख्खी आडवी शेपटी वर-खाली करणारा एक जाड जॅकस्क्रू असतो, त्याच्या नटचे आटे झिजून पार निघून गेले होते. तपासात निष्कर्ष निघाला की वंगण पुरेसं नव्हतं. ग्रीस लावायची मुदत वाढत वाढत आठ महिन्यांवर गेलेली, आणि नटला ग्रीस पोचवणारी वाट सुकलेल्या ग्रीसने बंद झालेली. आमच्या सेसनात ट्रिम फक्त छोटी पट्टी हलवते, सगळी शेपटी नाही, त्यामुळे दोन्हीची बरोबरी नाही. पण तेव्हापासून मी गन मारताना समोरून नवीन ग्रीस बाहेर आलेलं डोळ्याने बघितल्याशिवाय कार्डवर टिक करत नाही.

अॅक्च्युएटर काढला तेव्हा आतलं ग्रीस मेणासारखं झालेलं, स्क्रूच्या आट्यांमधे करकरीत बारीक माती. आबांनी ते थोडं अंगठ्यावर घेऊन चोळलं आणि माझ्यापुढं धरलं, "देख, आपलं वावर!" मिनरल स्पिरिटमधे ब्रशने धुतलं, आटे भिंगाखाली बघितले, झीज पुस्तकातल्या मर्यादेत होती. नवीन ग्रीस आट्यांवर बोटाने भरलं, स्क्रू पूर्ण आत, पूर्ण बाहेर फिरवला, कडेला जमा झालेलं काढून टाकलं, परत फिरवला. हाताला आधी जी करकर लागत होती ती गेली, मऊ फिरायला लागला. मग परत बसवणं, आणि ते काढण्याच्या तिप्पट वेळ खातं. चेन स्प्रॉकेटवर बरोबर बसली पाहिजे, बोल्ट, नट, लॉकवायर, आणि लॉकवायर अशी की नट सुटायला लागला तर ती ओढून घट्ट करेल, उलटी नाही. आंधळ्यासारखं बोटांनी चाचपत करायचं. मधे एकदा वॉशर निसटून शेपटीत पडला तर चुंबकाने निघेना, स्टेनलेसचा होता बहुतेक, शेवटी चिकट टेप काडीला लावून काढला.

कॉकपिटमधलं काम सगळ्यात कंटाळवाणं. जमिनीवर उताणं पडून डोकं पॅडलपाशी घालायचं, पाय दाराबाहेर, तोंडावर टॉर्चचा उजेड आणि वरून धूळ डोळ्यात. योकच्या मागचे युनिव्हर्सल जॉइंट, पॅडलच्या दांड्या, थेंब-थेंब तेल आणि पुसणं. योकची नळी जिथून पॅनलमधे शिरते तिथं फक्त पुसायचं. बस, एवढंच.

मग तपासणी. पॅनल अजून उघडेच. एक जण आत, एक बाहेर. योक पूर्ण डावीकडे, डावा एलेरॉन वर, उजवा खाली. पूर्ण उजवीकडे, उलटं. योक मागं, एलिव्हेटर वर. इथं पायलट लोकांची एक सोपी खूण आहे, योकवर दोन्ही अंगठे वर करून धरायचे, ज्या बाजूला फिरवाल तिकडे अंगठे झुकतात आणि त्याच बाजूचा एलेरॉन वर गेलेला पाहिजे. रडर बघताना पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं पाहिजे, कारण पॅडलला चाकाचं स्टिअरिंग पण जोडलेलं असतं, चाक खाली असलं की त्याचाच जडपणा लागतो आणि रडरचं काही कळत नाही. आणि ट्रिम. चेन काढून परत बसवलेली असल्यामुळे हे डोळ्यात तेल घालून बघायचं. चाक नाक-खालीच्या दिशेला फिरवलं की टॅब वर गेला पाहिजे. वाचताना उलटं वाटतं, पण टॅब वर गेला की हवा एलिव्हेटरला खाली ढकलते, शेपटी उचलली जाते आणि नाक खाली येतं. ट्रिम उलटी जोडली गेल्याचे प्रकार जगात झालेले आहेत, पायलट जेवढं सुधारायला जातो तेवढं बिघडतं.

कंट्रोलचा कुठलाही भाग खोलून जोडला असेल तर डुप्लिकेट इन्स्पेक्शन लागतं, म्हणजे एका अधिकृत माणसाने तपासलं की दुसऱ्याने स्वतंत्रपणे परत सगळं पहिल्यापासून तपासायचं, पहिल्याच्या शब्दावर नाही. आमचे दुसरे इंजिनियर साहेब ह्या बाबतीत फारच कडक, ते आले, मला बाजूला केलं, स्वतः शेपटीत आरसा घालून लॉकवायर बघितली, मग मलाच विचारलं की ही पिन नवीन आहे का जुनीच वाकवून परत लावली. नवीनच होती, जुनी मी मुद्दाम डबीत ठेवलेली होती, ती दाखवली. स्प्लिट पिन परत वापरायची नसते. त्यांनी मान हलवली आणि सही केली, ह्या माणसाकडून एवढं म्हणजे खूप झालं. लॉगबुकमधे सही लायसनवाल्या इंजिनियरची, माझी फक्त टास्क कार्डवर, काम करणाऱ्याच्या रकान्यात. माझं लायसन अजून व्हायचंय, डीजीसीएचे (सरकारी विमान खात्याचे) पेपर देणं चालू आहे.

हत्यारं मोजली, चिंध्या मोजल्या, पॅनल बंद. त्यात संध्याकाळ. कधी नव्हे ते आबांनी घरून आणलेली कळण्याची भाकर आणि ठेचा माझ्यासाठी राखून ठेवला होता, हाताला स्पिरिटचा वास मारत होता तरी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टर एकटेच चक्कर मारून आले. ट्रिमचं चाक आता दोन बोटांनी फिरतंय म्हणाले, पण डावीकडे वळवताना योक किंचित जड लागतो अजून. म्हणजे डाव्या पंखाची दोन झाकणं परत उघडली. बेलक्रँकपाशी तर सगळं ठीक होतं, शेवटी सापडलं ते एलेरॉनच्या बिजागरीच्या बाहेरच्या टोकाला, मातीचा एक खडा राहिलेला, डाळीएवढा. तो काढला, ग्रॅफाइट फुंकली, परत चक्कर. ह्या वेळी काही बोलले नाहीत, सरळ पुढच्या स्टुडंटला घेऊन गेले.

पहिल्या चार-पाच फ्लाइटनंतर एकदा परत पुसावं लागतं, ते कुठल्याच पुस्तकात ठळक लिहिलेलं नाही पण आमच्याकडे करतातच. नवीन ग्रीस हालचालीने आणि उष्णतेने थोडं बाहेर येतं. टॉर्क लिंकच्या कडेला आलं होतं, त्यावर आधीच तांबूस-काळा थर बसलेला. पुसलं, कार्डवर लिहिलं, तोवर पंपावरचा पोरगा पेट्रोल भरायला आला होता, त्याला शिडी लावू दिली आणि पुढच्या विमानाचं झाकण उघडायला घेतलं.